सिंह हेन्री आणि त्याचे गणगोत

इसवी सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज हा राजा होता. आपण त्याला इंग्रजांचा राजा म्हणून ओळखतो. पण त्याचे घराणे मूळचे इंग्रज नव्हे. त्याचा पणजोबा पहिला जॉर्ज १७१४ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरहून लंडनला आला आणि आईकडच्या नात्याने त्याला इंग्लंडचा मुकुट मिळाला. या हॅनोव्हरच्या घराण्याची वंशावळ बापाकडून आजाकडे, आजाकडून पणजाकडे अशी मागे मागे नेली, तर बाराव्या शतकात ती वेल्फ कुळातील एका जर्मन ड्यूकाच्या दाराशी जाऊन पोचते. तो ड्यूक म्हणजे सिंह हेन्री. त्याची व त्याच्या गणगोताची ओळख करून द्यावी, असा आमचा आज मानस आहे.

हा पुरुष एका काळी सॅक्सनी आणि बव्हेरिया या दोन मोठ्या प्रांतांचा ड्यूक होता. उत्तरेस बाल्टिक समुद्रापासून दक्षिणेस आल्प्स पर्वतापर्यंत त्याचा शब्द चाले. सम्राट सोडल्यास जर्मनीत त्याच्या तोलाचा दुसरा कोणी नव्हता, आणि सम्राट तर त्याचा सख्खा आतेभाऊ. असे असता ११८० मध्ये त्याची दोन्ही ड्यूकपदे गेली, आणि ती रणांगणावर नव्हे, तर राजसभेच्या निकालाने गेली. एवढा मोठा वृक्ष असा कसा उन्मळला? आणि तो पडल्यावर त्याच्या फांद्या कोणी नेल्या? या दोन प्रश्नांचा उलगडा करणे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. या कथेत हेन्री नावाची माणसे पुष्कळ आहेत. बापाचे नाव हेन्री, सावत्र बापाचे हेन्री, सासऱ्याचे हेन्री आणि थोरल्या मुलाचेही हेन्रीच. तेव्हा आम्ही प्रत्येकाला नात्याने ओळखणार आहोत. इंग्रजीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ यांना मिळून एकच शब्द आहे. आपली भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे, आणि ही कथा नात्यांवाचून समजावयाची नाही.

सरंजाम आणि वतन

त्या काळचे जर्मन राज्य कसे चाले, हे आधी पाहिले पाहिजे. जर्मनीचा राजा वंशपरंपरेने गादीवर येत नसे. मोठमोठे सरदार आणि धर्मपीठांचे अधिपती एकत्र जमून त्याची निवड करीत. निवडलेला राजा पुढे रोमला जाई आणि पोपच्या हस्ते अभिषेक झाला म्हणजे सम्राट म्हणवून घेई. स्वाभाविकच त्याचे अर्धे लक्ष इटलीकडे लागलेले असे, आणि आल्प्सपलीकडे फौज न्यावयाची तर ती सरदारांकडूनच मागावी लागे.

सरदारांजवळची जमीन दोन प्रकारची असे. एक राजाने सेवेच्या बोलीने दिलेली. ड्यूकपद हे या प्रकारात मोडे. दुसरी कुळाची स्वतःची, बापाकडून, आईकडून अथवा हुंड्यात आलेली. तिच्यासाठी राजाचे देणे नसे. आपल्याकडील सरंजाम आणि वतन हे शब्द येथे अगदी तंतोतंत लागू पडत नाहीत, तरी भेद ध्यानात येण्यास ते पुरेसे आहेत. सरंजाम राजा परत घेऊ शके. वतन कुळाकडे राही. सिंह हेन्रीच्या उदयाचे आणि अस्ताचे मर्म या भेदात आहे.

पोरका वारस

वेल्फ हे कूळ फार जुने. खरे पाहता त्याची मूळ पुरुषशाखा १०५५ मध्ये संपली होती. शेवटच्या निपुत्रिक पुरुषाच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे त्याचा भाचा, इटलीहून आला आणि मामाची मिळकत व मामाच्या कुळाचे नाव घेऊन बसला. तेथून हे घराणे पुन्हा वाढले. ते मुख्यतः वाढले लग्नांतून. सिंह हेन्रीच्या बापाला लोक ‘मानी हेन्री’ म्हणत. तो बव्हेरियाचा ड्यूक. त्याने सम्राट लोथार याची एकुलती एक मुलगी गेर्ट्रूड हिच्याशी लग्न केले. लोथारला मुलगा नव्हता. त्यामुळे ब्राउनश्वाइगच्या परिसरातील सॅक्सन जमीन, सॅक्सनीचे ड्यूकपद आणि आता सम्राटपदही जावयाकडे येणार, असे दिसू लागले.

११३७ च्या डिसेंबरात लोथार वारला. जावई एवढा बलाढ्य की, निवडणारांना त्याचेच भय वाटले. ११३८ च्या मार्चमध्ये कोब्लेन्झ येथे काही सरदारांनी घाईने होहेनश्टाउफेन घराण्यातील कॉनराड याला राजा निवडले. कॉनराडने लगोलग मानी हेन्रीची दोन्ही ड्यूकपदे काढून घेतली. सॅक्सनी त्याने आल्ब्रेख्त या सरदाराला दिली. याला ‘अस्वल आल्ब्रेख्त’ म्हणत. बव्हेरिया आपल्या सावत्र भावाला दिली. मानी हेन्री झगडत राहिला आणि ११३९ च्या ऑक्टोबरात अकस्मात मरण पावला.

मागे राहिला सुमारे १०-१२ वर्षांचा मुलगा, हाच आपला सिंह हेन्री. त्याच्या बाजूने उभी राहिली ती आजोळची आजी, सम्राज्ञी रिखेंझा. तिने सॅक्सन सरदारांना हाताशी धरून नातवासाठी सॅक्सनी राखली. ११४१ मध्ये ती वारली. पुढल्या वर्षी तडजोड झाली. मुलाला सॅक्सनी मिळाली, बव्हेरियावरचा हक्क सोडावा लागला आणि तडजोड पक्की व्हावी म्हणून विधवा गेर्ट्रूडचे लग्न राजाचा दुसरा सावत्र भाऊ हेन्री याच्याशी लावण्यात आले. त्या हेन्रीला पुढे बव्हेरियाही मिळाली. वर्षभरातच, ११४३ मध्ये, गेर्ट्रूड बाळंतपणात दगावली. बापाची जहागीर सावत्र बापाच्या हाती, आई नाही, आजी नाही, असा हा मुलगा वाढला. ११४७ मध्ये वयात येताच भर सभेत त्याने पहिली मागणी केली ती बव्हेरियाची. पुढच्या आयुष्यात त्याने जे जे धरले ते घट्ट धरून ठेवले. त्या स्वभावाचे बीज येथे आहे, असे आम्हांस वाटते.

आतेभाऊ राजा होतो

११५२ मध्ये कॉनराड वारला आणि त्याचा पुतण्या फ्रेडरिक राजा झाला. तांबड्या दाढीमुळे इटालियन लोकांनी त्याला ‘बार्बारोसा’ हे नाव दिले. फ्रेडरिकची आई युडिथ ही मानी हेन्रीची बहीण, म्हणजे सिंह हेन्रीची आत्या. एका घराण्याने दुसऱ्याची जहागीर हिसकावली होती. फ्रेडरिक मात्र बापाकडून एका घराण्याचा आणि आईकडून दुसऱ्याचा होता. फ्रायझिंगचा बिशप ओटो हा मोठा इतिहासकार. त्याने फ्रेडरिकला दोन भिंती सांधणाऱ्या कोनशिलेची उपमा दिली आहे. हा ओटो स्वतः फ्रेडरिकचा सावत्र चुलता होता आणि सिंह हेन्रीच्या सावत्र बापाचा सख्खा भाऊ होता. तात्पर्य, सगळा मामला घरातला होता.

प्रथम दोघा भावांचे उत्तम जमले. ११५५ मध्ये रोममध्ये फ्रेडरिकला सम्राटपदाचा अभिषेक झाला. त्याच दिवशी शहरात दंगल उसळली, तेव्हा हेन्री आपल्या सॅक्सनांसह सम्राटासाठी लढला. ११५६ मध्ये फ्रेडरिकने बव्हेरिया मामेभावाला परत दिली. सावत्र बापाचे मन राखण्यासाठी ऑस्ट्रियाचा टापू बव्हेरियापासून तोडून त्याला नवे ड्यूकपद देण्यात आले. पुढे युरोपभर गाजलेल्या ऑस्ट्रियाचे स्वतंत्र ड्यूकपद असे एका घरगुती वाटणीतून जन्मास आले.

आता हेन्रीने काय केले ते पाहू. बव्हेरियात मिठाच्या गाड्या इझार नदी ओलांडून जात. तो पूल फेरिंग येथे होता व त्याची जकात बिशप ओटोला मिळे. हेन्रीने तो पूल व बाजार मोडला आणि नदीच्या वरच्या अंगाला, मठवासी साधूंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वस्तीजवळ, नवा पूल बांधून बाजार भरविला. बिशप सम्राटाकडे गेला. १४ जून ११५८ रोजी आउग्सबुर्ग येथे फ्रेडरिकने निवाडा दिला की, बाजार नव्या जागीच राहावा आणि उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपने घ्यावा. ती वस्ती म्हणजे म्युनिक, आणि ते शहर आपला वाढदिवस त्याच तारखेला मानते.

उत्तरेत लुबेकची गोष्ट अशीच. बाल्टिकजवळचे ते बंदर हेन्रीच्याच हाताखालील होल्श्टाइनचा काउंट आडोल्फ याने ११४३ मध्ये वसविले होते. त्याचा व्यापार वाढू लागला, तशी हेन्रीची जुनी पेठ बार्डोविक ओस पडू लागली. हेन्रीने बंदरात वाटा मागितला. नाही म्हणताच त्याने तेथला बाजार बंद केला. ११५७ मध्ये शहर जळाले. हेन्रीने जवळच ‘सिंहनगर’ वसवून पाहिले, पण तेथे मोठी जहाजे येईनात. शेवटी ११५९ मध्ये आडोल्फने जागा सोडली आणि व्यापारी आनंदाने परतले. मग हेन्रीने डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे व रशिया येथे दूत पाठवून तेथील व्यापाऱ्यांना मोकळी वाट देऊ केली. पुढे हान्सा या व्यापारी नगरसंघाचे पुढारीपण ज्या लुबेकने केले, ते असे उभे राहिले.

या दोन्ही गोष्टींत एकच रीत दिसते. हेन्रीला बाजारपेठेची दृष्टी असामान्य होती. परंतु ती पेठ दुसऱ्याची असली तर तो दुसरा कोण, याची त्याने कधी फिकीर केली नाही.

एल्ब नदीच्या पूर्वेस स्लाव लोकांची वस्ती होती. त्यांच्यावरील मोहिमांना ख्रिस्ती धर्मप्रसाराचे नाव होते. पण हेल्मोल्ड या त्याच भागातल्या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे की, सुरुवातीच्या मोहिमांत ड्यूकाचे ध्यान धर्मापेक्षा पैशाकडे असे. ११६० मध्ये ओबोट्राइट जमातीचा राजा निक्लोट लढता लढता पडला. त्याचा एक मुलगा हेन्रीच्या कैदेत होता. भावाने बंड चालूच ठेवले म्हणून ११६४ मध्ये त्या कैद्याला फाशी देण्यात आले. बंडखोर भाऊ प्रिबिस्लाव याच्याशी ११६७ मध्ये तह झाला आणि प्रदेशाचा मोठा भाग त्याला परत मिळाला. पुढे त्याच्या मुलाला हेन्रीने आपली अनौरस मुलगी दिली. या जोडप्याच्या वंशजांनी मेक्लेनबुर्गवर १९१८ पर्यंत राज्य केले. ज्याच्या बापाला मारले, त्याच्याच घरी मुलगी दिली. त्या काळच्या राजकारणात लग्न आणि लढाई यांत फारसे अंतर नव्हते.

ब्राउनश्वाइगचा दरबार

हेन्रीची पहिली बायको क्लेमेन्शिया ही दक्षिणेकडील त्सेरिंगेन घराण्यातली. तिच्यापासून त्याला गेर्ट्रूड नावाची मुलगी होती. ११६२ मध्ये नाते फार जवळचे असल्याचे कारण दाखवून हे लग्न मोडण्यात आले. त्सेरिंगेन घराणे फ्रेडरिकच्या डोळ्यांत सलत होते, हे त्यामागील खरे कारण असावे असे इतिहासकार मानतात. भावाच्या सोयीसाठी हेन्रीने बायको सोडली, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे लग्न १ फेब्रुवारी ११६८ रोजी मिंडेन येथे झाले. वधू माटिल्डा ही इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची थोरली मुलगी. तिचे वय १२ च्या आत, नवऱ्याचे ३५ च्या पुढे. या लग्नाने एक जर्मन ड्यूक राजाचा जावई झाला. त्याच सुमारास ब्राउनश्वाइगच्या वाड्यासमोर त्याने काशाचा सिंह उभारला. त्याचे वजन सुमारे ८८० किलो भरते. रोमन काळानंतर आल्प्सच्या उत्तरेस एवढा मोठा, सुटा उभा असलेला ओतीव पुतळा कोणी केला नव्हता. मूळ सिंह आता तेथील संग्रहालयात आहे व चौकात त्याची प्रतिकृती आहे.

११७२ मध्ये हेन्री जेरुसलेमच्या यात्रेस गेला. वाटेत कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने त्याचे स्वागत केले. परत आल्यावर ११७३ मध्ये त्याने ब्राउनश्वाइगला भव्य चर्च बांधावयास घेतले. या चर्चसाठी हेल्मार्सहाउझेनच्या मठात हेरिमान नावाच्या साधूने शुभवर्तमानाची एक सचित्र पोथी लिहिली. तिच्यातील एका चित्रात स्वर्गातून आलेले हात हेन्री व माटिल्डा यांच्या मस्तकांवर मुकुट ठेवीत आहेत. हेन्रीच्या मागे त्याचे आईबाप व आजोळचे आजीआजोबा, म्हणजे सम्राट लोथार आणि रिखेंझा. माटिल्डाच्या मागे तिचा बाप इंग्लंडचा राजा आणि आजी. या चित्राचा अर्थ विद्वान निरनिराळा लावतात. कोणी तो मुकुट स्वर्गातील म्हणतात, कोणी त्यात राजपदाची आकांक्षा पाहतात. आम्हांस त्यातील एकच गोष्ट सांगावयाची आहे. हेन्री स्वतःकडे पाहत होता तो अशा गणगोताच्या मध्यभागी उभा राहून. आजा सम्राट, सासरा राजा. ही पोथी १९८३ मध्ये लंडनच्या लिलावात ८१ लाख पौंडांहून अधिक किमतीस जर्मनीने परत घेतली.

चुलत्याचा वारसा आणि किआव्हेन्नाची भेट

दरबार असा झळकत होता, तेव्हा शेजारी काय म्हणत होते? सॅक्सनीतील बिशप आणि लहानमोठे सरदार यांच्या जमिनी, किल्ले, वारसाहक्क हेन्रीने एकामागून एक गिळले होते. ११६६ पासून ते त्याच्याविरुद्ध उघड लढू लागले. त्या वेळी त्याला कोणी सावरले? फ्रेडरिकने. दर वेळी सम्राट मध्ये पडे आणि दर वेळी तडजोड मामेभावाच्या बाजूची होई. हेन्रीने याचा अर्थ असा घेतला की, आपले बळ आपलेच आहे.

याच काळात एक घरगुती प्रकरण घडले. हेन्रीचा चुलता सहावा वेल्फ हा फ्रेडरिकचा मामा. ११६७ मध्ये रोमपुढील छावणीत साथ आली व तीत त्याचा एकुलता एक मुलगा गेला. हेन्रीचा जावई, गेर्ट्रूडचा नवरा, तोही त्याच साथीत गेला. निपुत्रिक झालेला म्हातारा चैनीत पैसा उडवू लागला. आपली मिळकत त्याने पुतण्याला देऊ केली, पण रोख रकमेच्या बदल्यात. पुतण्याने हो म्हटले आणि पैसे देण्याची चालढकल केली. म्हातारा आज-उद्या जाईल, मग फुकटच मिळेल, असा हिशेब त्याने केला, असे एका समकालीन बखरकाराचे म्हणणे आहे. चुलत्याने मग भाच्याकडे पाहिले. फ्रेडरिकने पैसे मोजले आणि दक्षिणेकडील वेल्फ मिळकत त्याच्याकडे गेली. चुलता त्यानंतरही जगला, तो थेट ११९१ पर्यंत!

११७६ च्या आरंभी फ्रेडरिक उत्तर इटलीत लोंबार्ड शहरांच्या संघाशी लढण्यात गुंतला होता. फौज अपुरी होती. आल्प्समधील किआव्हेन्ना येथे त्याने हेन्रीची भेट घेऊन मदत मागितली. बखरींत ही भेट फार रंगविली आहे. सम्राटाने मामेभावापुढे गुडघे टेकले आणि हेन्रीने त्याला तसेच राहू दिले, असेही त्यांत येते. त्यांतील तपशील एकमेकांशी जुळत नाहीत व त्या घटनेनंतर लिहिलेल्या आहेत. हेन्रीने मदतीच्या बदल्यात गोस्लार हे चांदीच्या खाणींचे शहर मागितले, असेही सांगतात. एवढे मात्र खरे की, हेन्री गेला नाही. २९ मे ११७६ रोजी लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला.

निकाल

पुष्कळांची समजूत अशी की, किआव्हेन्नाचा सूड म्हणून फ्रेडरिकने हेन्रीला बुडविले. कागदपत्र पाहता ते इतके सरळ दिसत नाही. ११७८ मध्ये हेन्री व त्याचे शेजारी दोघेही एकमेकांविरुद्ध तक्रार घेऊन सम्राटापुढे आले. आजवर अशा तक्रारी हेन्रीच्या बाजूने मिटत. आता फ्रेडरिकने त्या रीतसर चालू दिल्या. ११७९ मध्ये हेन्रीला सभेपुढे बोलावणे गेले. तो आला नाही. पुन्हा बोलावणे गेले, पुन्हा आला नाही. बोलावूनही न येणे हा स्वतंत्र गुन्हा होता. ११८० च्या जानेवारीत व्युर्झबुर्ग येथे त्याचे सरंजाम जप्त झाले. १३ एप्रिल ११८० रोजी गेल्नहाउझेन येथे सॅक्सनीची वाटणी झाली, तिची सनद प्रसिद्ध आहे. चर्चचे व सरदारांचे हक्क दडपले, बोलावूनही आला नाही, सम्राटाचा अवमान केला, ही कारणे तीत दिली आहेत. किआव्हेन्नाचा तीत नामनिर्देशही नाही.

म्हणजे हेन्रीला पाडले ते त्याच्या शेजाऱ्यांनी. सम्राटाने काय केले? त्याने फक्त पाठीशी घालण्याचे थांबविले. हेन्रीचे बळ जेवढे स्वतःचे होते, त्याहून अधिक आतेभावाच्या छायेचे होते. ती छाया निघताच ऊन लागले.

निकालानंतर लढाई झाली खरी, पण हेन्रीची माणसे भराभर गळाली. लुबेकच्या नागरिकांनी मात्र वेढा घालणाऱ्या सम्राटाची परवानगी काढून आधी आपल्या ड्यूकाला विचारले आणि त्याच्या संमतीने मगच शहराचे दरवाजे उघडले. ११८१ च्या नोव्हेंबरात एर्फुर्ट येथे हेन्रीने फ्रेडरिकच्या पायांवर लोटांगण घातले. फ्रेडरिकने डोळ्यांत पाणी आणून त्याला उठविले. लुबेकच्या आर्नोल्ड या बखरकाराने हे नोंदविताना त्या अश्रूंच्या खरेपणाबद्दल शंकाही घेतली आहे. हेन्रीला ब्राउनश्वाइग व ल्युनेबुर्गकडील वतनी जमीन मिळाली. दोन्ही ड्यूकपदे गेली ती गेलीच. शिवाय देशत्यागाची शिक्षा झाली.

आता आमचा दुसरा प्रश्न. फांद्या कोणी नेल्या? पश्चिम सॅक्सनी, म्हणजे वेस्टफालिया, कोलोनच्या आर्चबिशपला मिळाली. पूर्वेकडील भाग व ड्यूक ही पदवी अस्वल आल्ब्रेख्तच्या मुलाला. बव्हेरिया विटेल्सबाख घराण्यातील ओटोला मिळाली आणि १९१८ पर्यंत त्याच घराण्याकडे राहिली. बव्हेरियातून श्टायरमार्क तोडून तेही नवे ड्यूकपद झाले. सम्राटाच्या स्वतःच्या हाती ड्यूकपद एकही राहिले नाही. ज्यांच्या फौजांच्या बळावर निकाल अमलात यावयाचा, त्यांनाच वाटा द्यावा लागला. एका मोठ्या सरदाराच्या जागी अनेक मध्यम सरदार उभे राहिले आणि जर्मनी पुढील सात शतके अशाच अनेक तुकड्यांत राहिली. तिचे सगळे कारण या निकालात शोधणे चूक ठरेल. पण त्या वाटेवरचा हा एक मोठा टप्पा खास होय.

सासर, मुले आणि शेवटच्या रात्री

देशत्यागाच्या काळात हेन्रीला आश्रय मिळाला तो सासऱ्याकडे, नॉर्मंडीत आणि इंग्लंडात. ११८४ मध्ये विंचेस्टर येथे त्याचा धाकटा मुलगा विल्यम जन्मला. पुढच्या वर्षी हेन्री घरी परतला. ११८९ मध्ये फ्रेडरिक धर्मयुद्धास निघाला, तेव्हा मागे हा मामेभाऊ नको म्हणून हेन्रीला पुन्हा बाहेर जावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये, नवरा परमुलखात असता, माटिल्डा ब्राउनश्वाइगला वारली. तेहतिसाव्या वर्षी ही बाई गेली. सम्राट धर्मयुद्धावर गेलेला पाहून हेन्री परत आला आणि आपल्याला विसरलेल्या बार्डोविक शहराचा त्याने विध्वंस केला. ११९० मध्ये फ्रेडरिक आशिया मायनरमधील एका नदीत बुडून मेला. नव्या राजाशी, फ्रेडरिकच्या मुलाशी, तह करताना हेन्रीला दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. त्यांतला लोथार त्याच वर्षी वारला.

या जुन्या वैराचा शेवट एका लग्नाने झाला. हेन्रीच्या थोरल्या मुलाचे लग्न र्‍हाइनच्या काउंट पॅलाटाइनची मुलगी आग्नेस हिच्याशी लहानपणीच ठरले होते. तिचा बाप बार्बारोसाचा सावत्र भाऊ. घराण्यांत वैर आल्यावर ते लग्न मागे पडले आणि फ्रान्सच्या राजासाठी तिचे नाव निघाले. तेव्हा ११९३-९४ च्या हिवाळ्यात, नवरा बाहेरगावी असता, मुलीच्या आईने श्टाहलेक किल्ल्यावर गुपचूप लग्न लावून दिले. सम्राट संतापला, पण झाले ते झाले. मुलीच्या बापाने रदबदली केली आणि ११९४ मध्ये सम्राट व म्हातारा सिंह यांचा समेट झाला. जे काम फौजांनी झाले नाही, ते एका विहिणीने केले.

शेवटच्या वर्षांत हेन्री ब्राउनश्वाइगला राहिला. चर्चच्या कामाकडे तो लक्ष देई. जुन्या बखरी गोळा करवून, त्यांच्या नकला करवून तो त्या वाचून घेई आणि पुष्कळदा ऐकता ऐकता रात्र उजाडे. हे सांगणारा श्टेटरबुर्गचा गेरहार्ड त्याच्या परिचयातला होता. कोणाची राज्ये कशी आली आणि कशी गेली, हे ऐकताना त्या म्हाताऱ्याच्या मनात काय येत असेल, त्याची कल्पना श्रोत्यांनी करावी. ६ ऑगस्ट ११९५ रोजी तो वारला आणि आपल्या चर्चमध्ये माटिल्डाशेजारी त्याला पुरण्यात आले.

त्याचा मुलगा ओटो इंग्लंडात मामाच्या, सिंहहृदय रिचर्डच्या, दरबारी वाढला. तो ११९८ मध्ये जर्मनीचा राजा व १२०९ मध्ये सम्राट झाला. परंतु १२१४ मध्ये बूव्हिनच्या लढाईत फ्रान्सच्या राजाकडून हरला व १२१८ मध्ये निपुत्रिक वारला. थोरल्यालाही वारस मुलगा उरला नाही. वंश चालला तो विंचेस्टरला जन्मलेल्या विल्यमचा. त्याच्या मुलाने १२३५ मध्ये माइन्झच्या सभेत आपले कौटुंबिक वतन सम्राटाच्या स्वाधीन केले आणि सम्राटाने तेच ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचे ड्यूकपद म्हणून त्याला परत दिले. देणारा दुसरा फ्रेडरिक हा बार्बारोसाचा नातू. घेणारा सिंह हेन्रीचा नातू. आजांचे भांडण नातवांनी मिटविले, आणि वतनाचे पुन्हा सरंजाम झाले. याच शाखेतून पुढे हॅनोव्हरचे राजे झाले.

मेल्यानंतरचे आयुष्य

एकोणिसाव्या शतकात हेन्रीला पुन्हा जिवंत करण्यात आले. मध्ययुगीन सम्राटांनी इटलीत शक्ती घालविली ती योग्य की अयोग्य, यावर १८५९ च्या सुमारास झ्युबेल आणि फिकर या दोन इतिहासकारांत मोठा वाद झाला. सम्राट दक्षिणेकडे भरकटला आणि सिंह हेन्रीने पूर्वेकडची खरी वाट धरली, असे म्हणण्याची तेव्हा चाल पडली. त्या वादात निक्लोटचे आणि त्याच्या फाशी गेलेल्या मुलाचे नाव कोणाला आठवले नाही. पुढे नाझींनी हीच कल्पना उचलली. १९३५ मध्ये त्यांनी हेन्रीची म्हणून ओळखली जाणारी कबर उघडली आणि त्याच्या चर्चला आपल्या राष्ट्रपूजेच्या मंदिराचे रूप दिले. कबरीत सापडलेले हाडांचे अवशेष नक्की कोणाचे, यावर पुढेही वाद होत राहिला. ज्या पुरुषाने आपल्या घराण्यापलीकडे कधी पाहिले नाही, त्याला त्यांनी राष्ट्राचा अग्रदूत बनविले.

आमच्या मते हेन्री असा नव्हता. तो राष्ट्रवीर नव्हता, तसा राष्ट्रद्रोहीही नव्हता. आजोबांनी, आजीने, आतेभावाने आणि सासऱ्याने दिलेल्या बळावर तो उभा राहिला, आणि ते बळ उसने आहे हे त्याला फार उशिरा कळले. त्याने जपलेल्या दोन ड्यूकपदांपैकी त्याच्या मुलांना एकही मिळाले नाही. राहिले ते दुसरेच. म्युनिकचा बाजार शत्रूंनी ११८० मध्ये कागदावर रद्द करविला, तरी व्यापाऱ्यांनी तो सोडला नाही. लुबेक १२२६ मध्ये स्वतंत्र नगर झाले, ते कोणत्याच ड्यूकाचे राहिले नाही. आणि आजीने सांभाळलेल्या ब्राउनश्वाइगच्या वतनावर वंश तगला, तो थेट लंडनच्या गादीपर्यंत गेला. चौकातला सिंह अजूनही पूर्वेकडे तोंड करून गर्जत आहे असे लोक म्हणतात. आम्हांस मात्र त्याच्यापेक्षा त्याच्या मागच्या वाड्यात, समईच्या उजेडात जुन्या बखरी ऐकत जागणारा म्हातारा अधिक जवळचा वाटतो.